तपकीर गल्लीत आरओव्हीचं सामान: विजेला नऊ गुण, पाण्याला दोन

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही हे सांगणं सोपं. मोटर, तार, स्विच, एलईडी, सोल्डरचं सामान, सगळं चार पावलांवर. पण घरी बांधलेला आरओव्ही, म्हणजे केबलच्या टोकाला बांधून काठावरून हाकायचा छोटा पाणबुडा, विजेवाचून सहसा अडत नाही. तो मरतो पाणी आत शिरून. आणि पाणी अडवणारं काही या गल्लीत मागितलं, तर दुकानदार एमसीलची पुडी पुढे करतो. म्हणून गुण असे तुटक.

कोणत्या पाणबुड्यासाठी ही खरेदी, ते आधी ठरवून घेऊ. पीव्हीसी पाइपाचा सांगाडा, तीन मोटरी (दोन मागे-पुढे जायला आणि वळायला, एक वर-खाली करायला), १२ व्होल्टची बॅटरी काठावर, केबल १२ मीटर, खोली जास्तीत जास्त ५ मीटर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सी ग्रँट कार्यक्रमाने २००३ पासून शाळकरी मुलांसाठी ‘सीपर्च’ या नावाने जो आराखडा पसरवला, त्याचाच हा चुलतभाऊ. मूळ आराखड्यात मोटरी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत ठेवून वरून मेण ओततात. ती डबी आता कुठे शोधायची? तेव्हा यादी इथल्या बाजाराप्रमाणे बदलावी लागते. आणि ‘केबल कशाला, वायफायवर चालवू’ असं कोणी सुचवलं तर मनावर घेऊ नका. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात वीतभर गेल्या तरी पुष्कळ.

केबलपासून सुरुवात करू, कारण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त इथे फसतं. नेटवर्कची कॅट-फाइव्ह-ई केबल या कामाला उत्तम: चार जोड्या, तीन मोटरींना तीन, चौथी कॅमेऱ्याला. पण स्वस्तातली केबल बहुधा सीसीए निघते, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. नेटवर्क जोडणाऱ्याचं त्यात कसंबसं भागतं. मोटर चालवणाऱ्याचं भागत नाही.

‘भाऊ, ही पूर्ण तांब्याची ना?’
‘साहेब, सगळे हीच नेतात.’

हे उत्तर आलं की ओळखायचं. खिशात ब्लेड ठेवा, अर्धा इंच तार सोला आणि खरवडा. खरवडल्यावर आतून पांढरी-चंदेरी दिसली तर पेटी परत सरकवा. (वरून चंदेरी आणि खरवडल्यावर लाल, असं असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची तार, ती चालते, उलट चांगलीच.) पक्की खात्री मल्टीमीटरने होते. १५ मीटरचा तुकडा घ्या, एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा पिळून एकत्र करा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. तांबं असेल तर आकडा अडीचच्या आसपास येतो, मुलामा असेल तर चारच्या घरात. आधी मल्टीमीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून त्यांच्या वायरींचा रोध वजा करायला विसरू नका; तो सहज पाव ओहम असतो.

दीड ओहमसाठी एवढा आटापिटा का, तर हिशेब बघा. या केबलची तार ०.५१ मिमी जाडीची. तांब्याची असेल तर रोध किलोमीटरला ८४ ओहम. १२ मीटर जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे २ ओहम. मोटरने २ अँपिअर ओढले की ४ व्होल्ट रस्त्यातच संपले, मोटरीपर्यंत पोचले ८. सीसीएत तोच रोध ३ ओहमच्या वर जातो आणि मोटरीला जेमतेम ६ व्होल्ट मिळतात. पंख्याचा रेटा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आठाचे सहा झाले की रेटा निम्म्याच्या जवळ येतो. मग पाणबुडा जागच्या जागी थरथरतो आणि बिचाऱ्या मोटरीला शिव्या बसतात. २० मीटर केबल हवी असेल तर ही पद्धत सोडा. १ चौरस मिमीची दोन तारी तांब्याची वायर खाली न्या आणि मोटरींचं नियंत्रण खालीच डब्यात ठेवा. त्या वायरीत २० मीटरला जाऊन-येऊन पाऊण ओहमच्या आसपास लागतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पेटीतल्या केबलच्या तारा एकसंध असतात, पाच-पन्नास वेळा गुंडाळल्या की आतल्या आत तुटतात. पॅच कॉर्डची केबल (दोन्ही टोकांना प्लग लावून तयार मिळते ती) बारीक तंतूंची, म्हणून लवचीक. पण तिच्या तारा पुष्कळदा आणखी पातळ असतात आणि रोध वाढतो. ८-१० मीटरसाठी पॅच कॉर्डची, त्यापुढे एकसंध तारेची आणि ती मोठ्या फिरकीवर गुंडाळायची, हा व्यवहारी तोडगा. कोपराभोवती गुंडाळू नका.

मोटरींना गल्लीत तोटा नाही. ‘रोबोसाठी मोटर’ म्हटलं की हमखास पिवळ्या गिअरबॉक्सची मोटर पुढे येते. ती चाकांची आहे, मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्यांत पंखा पाणी नुसतं ढवळतो. दुसरा मोह ७७५ आकाराच्या मोठ्या मोटरीचा: दणकट दिसते, हातात वजन लागतं. पण तिच्यावर पंखा चढवला की ती इतका करंट मागते की वरच्या हिशेबातल्या केबलमध्ये काही उरतच नाही. घ्यायची ती ३८५ आकाराची, १२ व्होल्टची: व्यास सुमारे २८ मिमी, दांडा २.३ मिमी. काउंटरवरच बॅटरीला लावून बघा. जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या मोटरी पुसून नव्याच्या भावात मिळतात. दांडा बोटांत धरून आडवा हलवला तर खडखड कळते. तीन हव्यात, चार घ्या.

ही मोटर पाण्यात बंद करायची ती मेणात. ३२ मिमी पीव्हीसी पाइपाचा ६ सेंटिमीटरचा तुकडा आणि दोन एंड कॅप, हीच आपली रोलची डबी. पाइपाच्या दाबाच्या प्रतीप्रमाणे भिंत जाड-पातळ असते, त्यामुळे एका पाइपात मोटर सैल बसते तर दुसऱ्यात शिरतच नाही. मोटर खिशात घालून बोहरी आळीत पाइपांच्या दुकानात जा आणि तिथेच घालून बघा. मापं सांगून घेतलेला पाइप परत न्यावा लागतो.

मेणाचं काम घाईचं नाही. मोटरीच्या अंगावरची हवेची भोकं आधी काळ्या टेपने दोन वेढे देऊन बंद करा, नाहीतर मेण थेट ब्रशांवर जातं. तारा सोल्डर करा. एका कॅपच्या मधोमध २.५ मिमीचं भोक पाडून आतून ग्रीस भरा, दांडा त्यातून बाहेर काढा आणि मोटर कॅपला टेकवून पाइप बसवा. मेण गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नाही. ते पेट घेतं. साध्या मेणबत्तीचं मेण निवल्यावर ठिसूळ होऊन तडकतं, म्हणून त्यात थोडी पेट्रोलियम जेली घाला. आणि ओतायचं कधी? वितळलेलं मेण पारदर्शक असतं तेव्हा नाही. कडेने किंचित दुधट व्हायला लागलं की ओता. कढत मेण पाण्यासारखं पातळ असतं, टेपखालून शिरतं आणि दांड्याच्या बेअरिंगमध्ये जाऊन थिजतं. मग मोटर हलत नाही. निवताना मेण आकसतं आणि मधोमध खळगा पडतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भरायचा. एकदाच ओतून झाकण लावलं तर तो खळगा म्हणजे आतली हवेची पोकळी, आणि दाबाखाली पाण्याला तीच वाट सापडते. मागची कॅप लावायच्या आधी क्षणभर १२ व्होल्ट देऊन मोटर फिरते का बघा. नंतर बघून उपयोग नाही.

अशी मोटर किती टिकते? दांड्याभोवतीचं ग्रीस धुऊन जाईपर्यंत. ती खर्चाची वस्तू आहे हे मान्य करून चौथी मोटर घरी तयार ठेवावी.

मेणाचा खटाटोप नको असेल तर ड्रोनवाल्यांची ए२२१२ ही ब्रशलेस मोटर उघडीच पाण्यात चालते, कारण तिच्या तारांवर इनॅमल असतं आणि ब्रश नसतातच. गोड्या पाण्यात ती झकास चालते. बेअरिंग गंजतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर धुऊन, वाळवून तेलाचा थेंब. पण दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. १००० केव्हीची मोटर (इथे केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेऱ्या, किलोव्होल्ट नव्हे) पाण्याच्या मानाने फार वेगवान; तिला लहान पंखा लावा, नाहीतर तीनशे ते पाचशे केव्हीची शोधा. दुसरं म्हणजे दुकानात मिळणारा स्वस्त पिवळा ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे या मोटरीचा वेग सांभाळणारा नियंत्रक, तिला एकाच दिशेने फिरवतो. आरओव्हीला उलटी दिशा हवीच. बीएलहेली-एस ही आज्ञावली असलेला ईएससी मागून घ्या आणि संगणकाला जोडून दोन्ही दिशांची सेटिंग चालू करा. मग ईएससीला १५०० मायक्रोसेकंदांचा संकेत म्हणजे थांबा, त्याच्या वर एक दिशा, खाली दुसरी. ‘ईएससी दे’ एवढंच म्हटलं तर पहिलाच हातात पडेल.

होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची १२ व्होल्टची सीलबंद मोटर या दोघींपेक्षा सरस: पुढचा पंप काढायचा, दांड्यावर पंखा लावायचा, झालं. पुणं बंदराचं गाव नसल्याने ती इथे मागवूनच घ्यावी लागते. इथे एक इशारा द्यायलाच हवा. ‘सबमर्सिबल पंप’ म्हणून विचारलं की कूलरचा पंप दाखवतात. तो २३० व्होल्टचा असतो. त्याला या प्रकल्पात कुठेही जागा नाही, सुट्या भागांसाठीही नाही. तयार थ्रस्टरांतला (पंख्यासकट मिळणाऱ्या पाण्यातल्या मोटरींतला) ब्लू रोबोटिक्सचा टी२०० म्हणजे दुसरीच इयत्ता: १२ व्होल्टवर साडेतीन किलोहून जास्त रेटा, पण पूर्ण जोरात १७ अँपिअरच्या आसपास करंट. तो या केबलला आणि या खिशाला झेपत नाही.

आता ते दोन गुणांचं प्रकरण.

जोड भरायला दुकानदार तीन गोष्टी देतो: एमसील, पाच मिनिटांत वाळणारा इपॉक्सी आणि सिलिकॉन. एमसील नळाच्या गळतीवर उपकारी आहे, पण मळलेला गोळा बारीक तारांच्या फटीत वाहत जात नाही. पाच मिनिटांचा इपॉक्सी तारांमध्ये पोचायच्या आत घट्ट होतो आणि सतत पाण्यात राहिला तर मऊ पडतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वाळताना अॅसेटिक अॅसिड सोडतो. त्यात गाडलेलं तांबं काही दिवसांत हिरवं पडतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलं आहे का ते बघून घ्या. खरं काम करतो तो साधा, सावकाश वाळणारा दोन ट्यूबचा अॅराल्डाइट: दोन्ही समान भाग, नीट ढवळून, पातळ होण्यापुरता किंचित गरम करून ओता आणि २४ तास हात लावू नका. केबलचं आवरण आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा. आवरण पीव्हीसीचं असेल तर इपॉक्सी धरतो. पॉलिथिनचं असेल तर तो नुसता वर बसतो आणि ओढल्यावर सालासारखा निघतो.

आणि तरीही पाणी आत येतं. केबल डब्यात शिरते तिथला रबरी आवळ, म्हणजे ग्लँड, घट्ट, इपॉक्सी भरपूर, डब्याला चीर नाही, आणि दोन तासांनी डब्यात चमचाभर पाणी. हे पाणी डब्याच्या बाहेरून आलेलंच नसतं. ते केबलच्या पोटातून आलेलं असतं. केबलच्या आवरणाला कुठेतरी ओरखडा पडला किंवा मोटरीकडचं टोक उघडं राहिलं की पाणी आवरण आणि तारा यांच्या मधल्या पोकळीतून, बारीक तंतूंच्या तारेत तर थेट तंतूंमधून, वातीत तेल चढावं तसं सरकत जातं. खोलीचा दाब मागून ढकलत असतोच. ग्लँड बाहेरचं पाणी अडवतो, आतून येणाऱ्याला तो काय करणार?

उपाय हाताने करायचा आहे, विकत मिळत नाही. डब्यात शिरण्याआधी केबलचं बाहेरचं आवरण ४ सेंटिमीटर काढा. आतल्या आठही तारा वेगळ्या करा आणि प्रत्येकीवरचं प्लास्टिक मधोमध ५ मिमी सोला. पॅच कॉर्डची केबल असेल तर उघडलेल्या तंतूंत सोल्डर पूर्ण भिनवा, म्हणजे तंतूंमधली फट बुजली. तारा एकमेकींना टेकणार नाहीत अशा फाकवा, त्यावर बाटलीचं बूच किंवा पाइपाचा छोटा तुकडा साचा म्हणून बसवा आणि अॅराल्डाइट ओता. प्रत्येक उघड्या धातूला इपॉक्सीचा वेढा बसला की पोटातली वाट बंद. अर्ध्या तासाचं हे काम टाळलं तर बाकी सगळ्या सीलिंगचा खर्च फुकट.

ग्लँड तपकीर गल्लीतही मिळतात, पॅनेलचं सामान ठेवणाऱ्यांकडे. कॅट-फाइव्हसाठी पीजी-७ घ्या. तो ३ ते ६.५ मिमीच्या गोल केबलला धरतो. पिशवीतून काढून आतला रबर बघा. स्वस्त ग्लँडचा रबर कडक, चकचकीत आणि कडेला साच्याची रेघ असलेला असतो. तीच रेघ गळते. चपट्या वायरीला ग्लँड नकोच, ती चार कोपऱ्यांतून पाणी घेते. एका ग्लँडमधून दोन वायरी घालायचा मोह तर जवळजवळ प्रत्येकाला होतो. त्या दोघींच्या मधल्या खाचेला रबर कधीच पोचत नाही.

डब्याची गोष्टही अशीच. पॅनेलवाले ‘वॉटरप्रूफ बॉक्स’ म्हणून आयपी-६५चा डबा देतात. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. बुडवलेला सोसेल असा त्याचा अर्थ नाही. ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याला ५ मीटर जायचंय. १५ बाय १० सेंटिमीटरचं झाकण घ्या: क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर. १० मीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो, त्या हिशेबाने ५ मीटरवर या झाकणावर ७५ किलो. एक भरलेला माणूस झाकणावर उभा आहे असं समजा. चार कोपऱ्यांचे स्क्रू घट्टच राहतात, पण झाकण मधोमध आत दबतं, कडा उचलल्या जातात आणि गॅस्केट सुटतं. म्हणून सपाट डब्याऐवजी गोल नळी. या साध्या बांधणीत तर खाली डबाच ठेवू नये, स्विच सगळे काठावर. गळायला जागाच नाही. पहिल्या पाणबुड्यासाठी हीच शिफारस.

डबा हवाच असेल तर १०० मिमीची अॅक्रिलिक नळी आणि लेथवर कापलेल्या दोन टोप्या, त्यांच्या खाचांत पाणी अडवणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग. भोसरी किंवा नऱ्हे भागातल्या छोट्या वर्कशॉपांत हे काम चांगलं होतं, पण चित्र काढून न्यावं लागतं. ‘ओ-रिंगची खाच मार’ एवढ्यावर सोडलं तर खाच रिंगेच्या जाडीएवढीच खोल मारून मिळते आणि रिंग दबतच नाही. ३ मिमीच्या ओ-रिंगला खाच सुमारे २.४ मिमी खोल आणि ४ मिमी रुंद सांगा, प्रत्येक टोपीला दोन खाचा. नळी वर्कशॉपात सोबत न्या. अॅक्रिलिकची नळी कधीच पूर्ण गोल नसते. आतला व्यास व्हर्निअरने सहा ठिकाणी मोजा आणि टोपी त्यावरून ठरवा. १० मीटर खोलीला या प्रत्येक टोपीवर ऐंशी किलोच्या जवळपास भार येतो. तो टोपीला आत दाबतो, म्हणजे मदतच करतो, पण रिंगेवर एक केस अडकला तरी गळती ठरलेली. रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या, ती चमकण्यापुरता. नळी थिनरने किंवा स्पिरिटने पुसू नका; अॅक्रिलिकवर बारीक भेगांचं जाळं पडतं. साबणाचं पाणी बास.

सांगाड्याचं सामान बोहरी आळीत अर्ध्या तासात होतं, त्याबद्दल फार बोलायला नको. अर्ध्या इंची यूपीव्हीसी पाइप ३ मीटर, एल्बो, टी. सीपीव्हीसीचे फिटिंग त्याला बसत नाहीत, बाहेरचा व्यास वेगळा असतो; एकाच दुकानातून एकाच जातीचं घ्या. सोल्युशन लावायची घाई करू नका, पोहण्याची परीक्षा होईपर्यंत नुसतं ठोकून बसवा. सगळ्या आडव्या पाइपांना वर आणि खाली ५ मिमीची भोकं पाडा, म्हणजे पाणी भरतं आणि हवा निघते. भोकं नसली तर हवा मनाला येईल तिथे अडकते आणि पाणबुडा दर वेळी वेगळ्या बाजूला कलतो.

तरंगण्यासाठी थर्माकोल घेऊ नका, तो पाणी पितो. योगाच्या चटईचा फोम खोलीवर दबतो आणि उचल कमी होते, मग खाली गेलेला पाणबुडा आणखी खाली जातो. त्यापेक्षा ६३ मिमी बाहेरच्या व्यासाचा ३० सेंटिमीटर पाइप, दोन्हीकडे टोप्या सोल्युशनने बंद. तो ९३० ग्रॅमच्या आसपास पाणी बाजूला सारतो. पाइप आणि टोप्यांचं वजन वजा जाता सुमारे ७०० ग्रॅम उचल हातात राहते. हा वर, आणि ६ मिमी सळईचे तुकडे (मीटरला २२२ ग्रॅम) खाली. उचल वर आणि वजन खाली जितकं लांब, तितका तो डुलत नाही. वायसर आणि केबल टायने शेवटचे दहा-वीस ग्रॅम जुळवा, पाण्याच्या वर बोटभर दिसेल एवढा हलका ठेवा. पुण्यात जुळवलेला पाणबुडा मालवणला नेला तर समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असल्याने ५ किलोच्या यंत्राला सव्वाशे ग्रॅम जास्त वजन बांधावं लागेल.

या सगळ्या खरेदीत खरा आनंद नाना पेठेत आहे. मोटर उलट-सुलट फिरवायला डीपीडीटी स्विच लागतो: सहा पाय, मागे फुलीसारखी जोडणी, सोडला की मधे येणारा. तपकीर गल्लीत तो मिळतो, पण बहुधा जागेवर अडकून राहणारा. सोडला तरी मोटर चालूच. नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात पॉवर विंडोचा पाच पायांचा स्विच मागा. हेच काम, फुलीची जोडणी आतच केलेली, बोट काढलं की मधे येतो, आणि काचेची मोटर चालवायला बनवलेला असल्याने आपल्या २ अँपिअरकडे तो बघतही नाही. शिवाय मधल्या स्थितीत मोटरीची दोन्ही टोकं एकत्र जोडली जातात, त्यामुळे पंखा झटकन थांबतो. त्याचा सॉकेट वायरीसकट मागून घ्या, पायांवर सोल्डर करताना प्लास्टिक वितळतं. तिथूनच पात्याचा १० अँपिअरचा फ्यूज आणि होल्डर. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात. स्विचच्या डब्यात बसवलेला फ्यूज मधली वायर जळताना नुसता बघत राहतो. बॅटरी यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास). ते सात वीस तासांच्या संथ हिशेबाचे आहेत. तिन्ही मोटरी जोरात चालवल्या तर तासभर मिळेल असं धरू नका. आणि चार्जर लावलेला असताना पाणबुडा पाण्यात, हे कधीही नाही.

कॅमेराही नाना पेठेतलाच: गाडी मागे घेताना वापरतात तो. तो बांधणीतच पाणी सोसायला केलेला असतो, १२ व्होल्टवर चालतो, आणि सीसीटीव्हीचे दोन पॅसिव्ह बलून (चित्राचा संकेत तारांच्या जोडीवर चढवणारे-उतरवणारे छोटे जोड) लावले की चित्र केबलच्या चौथ्या जोडीवरून येतं. त्याची वीज मात्र चौथ्या जोडीवरून येणार नाही. बारीक दोन तारी वायर केबलला टेपने बांधून न्या. मोटरीच्या जोडीतून वीज उचलली तर मोटर उलटी फिरताना कॅमेऱ्याचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बदलतात. या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं असतं आणि त्यावर पार्किंगच्या रेषा. वायरीवर बहुधा दोन छोटे फासे असतात: एक कापला की चित्र सुलटं, दुसरा कापला की रेषा गायब. यूएसबीचा सापासारखा कॅमेरा घेऊ नका, त्याची वायर ५ मीटरच्या पुढे रडते. दिवे कॅमेऱ्याला चिकटून नकोत. ताम्हिणीच्या धुक्यात अप्पर लावल्यावर समोर जी पांढरी भिंत दिसते, तीच गढूळ पाण्यात दिसते. दिवे एक वीत बाजूला आणि तिरके.

परीक्षा बादलीत नाही, निदान २०० लिटरच्या पिंपात. मोटरी लावायच्या आधी रिकामा डबा बुडवा: आत कोरडा टिश्यू, त्यावर शाईच्या पेनाचे चार ठिपके, सोबत वजन. अर्ध्या तासाने ठिपका पसरलेला दिसला तर थेंबभर का होईना, पाणी आलं. आणि कोणत्या कोपऱ्यातला ठिपका पसरला त्यावरून कुठून आलं तेही कळतं. त्यापुढे तरणतलाव, व्यवस्थापकांची परवानगी घेऊन, पोहणारे बाहेर असताना. खडकवासल्याचा विचार पाटबंधारे खात्याच्या लेखी परवानगीशिवाय करू नका: ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे, काठाला एनडीए, म्हणजे लष्कराची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आहे. पावसाळ्यात तिथे हातभर पुढचंही दिसत नाही, ते वेगळंच.

जायचं कसं, तर दुचाकी घरी ठेवून. सप्टेंबर २०२४पासून मेट्रोचं मंडई स्थानक सुरू आहे. तिथून बोहरी आळी आणि तपकीर गल्ली पायी, नाना पेठेला रिक्षा. ३ मीटरचा पाइप दुकानातच एक-एक मीटरला कापून घ्या. ब्लेड, मल्टीमीटर, व्हर्निअर आणि मोटर सोबत ठेवा, आणि प्रत्येक वस्तू काउंटरवरच तपासा, दुकानदार कितीही कंटाळला तरी. पाण्यात जाऊन आलेली मोटर या पेठांत कोणी बदलून देत नाही.